नियम घराचा, चूल एकटीची



मागच्या रविवारी महिला मंडळाच्या बैठकीत माझं कौतुक झालं. डिसेंबरात आम्ही चार दिवस मालवणला जाऊन आलो. आम्ही दोघं, दोन्ही मुलं आणि सासू-सासरे, असे सहा जण. हॉटेलात एक घासही घेतला नाही. स्वयंपाकाची सोय असलेला फ्लॅट घेतला. गाळलेलं पाणी, मर्यादेतलं पीठ, सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवण, सगळं घरच्यासारखं सांभाळलं. सासूबाईंनी हे बैठकीत अभिमानानं सांगितलं आणि अध्यक्षबाईंनी तिथंच जाहीर करून टाकलं की पुढच्या महिन्यात ‘प्रवासातही शुद्ध आहार’ या विषयावर मी बोलायचं. टाळ्या पडल्या. मीही हसले. घरी आले आणि रात्री काही केल्या झोप लागेना.

कारण त्या चार दिवसांतलं खरं काय ते मी बैठकीत सांगितलं नाही. ते आज लिहिते. कुणाला राग आला तर येऊ दे.

मालवणला जायचं ठरलं ते थोरल्यामुळे. त्याला दोन वर्षांपासून पक्ष्यांचा नाद लागलाय. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते. तिथं ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि हिवाळ्यात त्यांच्यावर कुरव पक्षी, म्हणजे आपण ज्यांना सीगल म्हणतो ते, थव्यानं उतरतात. हे सगळं त्यानंच वाचून काढलं होतं. फ्लॅट घ्यायचा हे मी ठरवलं. मालवण म्हणजे मासे. खानावळीच्या दारात उभं राहिलं तरी वास येतो. तेव्हा आपलं आपण रांधून खाऊ, हा विचार मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. माझं भांडण त्या विचाराशी नाहीच.

फोंडा घाट उतरून गेलो तेव्हा गाडीच्या डिकीत निम्मं स्वयंपाकघर होतं. घरचा कुकर, दोन पातेली, तवा, परात, पाणी गाळायची दोन कापडं. हिवाळ्यात पिठाची मर्यादा 7 दिवसांची, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ज्वारी-गहू दळून आणले. मसाला ताजा कुटला. डाळी निवडून डबे भरले. ही तयारी तीन दिवस चालली होती आणि ती कुणी केली हे तुम्हाला सांगायला नकोच.

आता तिथला दिवस ऐका. पहाटे उठून पाणी गाळायचं. फ्लॅटच्या नळाला मागच्या विहिरीचं पाणी होतं. म्हणून राखणदार काकींना विचारून विहीर बघून घेतली आणि जिवाणी बादलीतून अलगद खाली पाण्यापर्यंत सोडली. नुसतं गाळलेलं पाणी 48 मिनिटं चालतं, उकळलेलं चोवीस तास. म्हणून मोठं पातेलं उकळायला ठेवायचं. मग नाश्ता. मग लगेच दुपारचा स्वयंपाक. दुपारी भांडी. अर्धा तास पाठ टेकली की पावणेचारला पुन्हा गॅस पेटवायचा, कारण डिसेंबरात तिथं सहा वाजून गेले की थोड्याच वेळात सूर्य बुडतो आणि सव्वापाचच्या आत पानं उठायला हवीत. अंधारात भांडी घासली तर किडे मरतात, म्हणून तीही लगेच घासायची. हात पुसून गॅलरीत यावं तर पश्चिमेला फक्त तांबडी रेघ उरलेली. घरचे सगळे किनाऱ्यावरून परत येत असायचे, पायाला वाळू लागलेली, तोंडावर वारा लागलेला. ती वाळूही झाडायची मीच.

दुसऱ्या दिवशी राखणदार काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘गो बाय, सुट्टीक इलंस मां? मगे दिसभर रांदतंस कित्याक?’’ मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. ‘आमच्याकडे असंच असतं’ हे माझंच वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं.

त्याच काकींनी मला भरती-ओहोटीचा हिशोब सांगितला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला पूर्ण भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मला हसू आलं. तिथी तर आपल्या बोटांवर असतात. अष्टमी-चतुर्दशी कधी हे आपल्याला कॅलेंडरात बघावं लागत नाही. पण त्या तिथीवरून समुद्र कधी मागे जातो हे मला चाळिशीत, एका मासे खाणाऱ्या बाईकडून कळलं.

आणि हिशोब केल्यावर हेही कळलं की आमच्या त्या चारही दिवसांत ओहोटी पावणेअकरा ते एक या वेळात होती. वाळू उघडी पडायची तीच वेळ आणि भाकऱ्या थापायची तीच वेळ.

तिसऱ्या दिवशी अष्टमी होती. माझं एकाशन. हिरवी भाजी नाही, म्हणून मटकीची उसळ, कढी, भात, भाकरी. एकाशन माझं, स्वयंपाक सहा जणांचा. साडेअकराला धाकटी धावत आली, ‘‘आई, चल ना, सगळी वाळू वर आलीय, किती पक्षी उतरलेत!’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही व्हा पुढे, मी भाकऱ्या टाकते.’’ ती क्षणभर उभी राहिली आणि गेली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, मैत्रिणींनो. तिला हेच उत्तर येणार हे माहीत होतं. बारा वर्षांची मुलगी आतापासून हे शिकते आहे, की वाळू कितीही वर येवो, आई भाकऱ्याच टाकणार, आणि पुढे कधीतरी आपणही.

रात्री ह्यांनी मोबाइलवरचे फोटो दाखवले. थोरला म्हणाला, ‘‘इथं नुसती वाळू आलीय, हा फोटो काढून टाका.’’ मी बघितलं आणि म्हटलं, ‘‘अरे, इथं चार पक्षी बसलेत की.’’ वाळूच्याच रंगाचे, छोटे, चिमणीपेक्षा थोडे मोठे. चिखल्या पक्षी. दुर्बीण गळ्यात असलेल्या दोघांनाही ते दिसले नव्हते. थोरल्यानं फोटो मोठा करून बघितला आणि माझ्याकडे बघतच राहिला. ‘‘आई, तुला कसे दिसले?’’

कसे दिसले! वीस वर्षं तांदळात पोरकिडा आणि तुरीच्या डाळीत अळी शोधणारे डोळे आहेत हे. आपल्या बायकांइतकं बारीक बघणारं कोण आहे? पण आपली ही नजर कायम ताटात खाली लागलेली. मान वर करून बघायची सवलत तिला कधी मिळतच नाही.

मला त्या रात्री राग आला. नियमाचा नव्हे. राग आला तो वाटणीचा.

नियम कुणाचा आहे? विचारलं की सगळे म्हणतात, आपल्या घराचा. आमच्या घरात कुणी रात्री जेवत नाही, आमच्याकडे न गाळलेलं पाणी चालत नाही. बरोबर. पण ह्यांचा रात्रीभोजनत्याग टिकतो तो कुणीतरी पावणेचारला गॅस पेटवतं म्हणून. सासऱ्यांचं गाळलेलं पाणी असतं ते कुणीतरी पहाटे कापड धरतं म्हणून. घराचा नियम सहा जणांनी पाळला असं आपण म्हणतो, तेव्हा पाच जणांनी फक्त वेळेवर पानावर बसण्याचं काम केलेलं असतं.

कुणी स्वाध्याय करणारी भगिनी मला सांगेल, की कृत, कारित, अनुमोदना तिन्हींचं फळ लागतं, करवून घेणाऱ्यालाही पुण्य आहेच. मान्य. पण व्रत ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं. माझ्या वतीनं तुम्ही उपवास करून माझी निर्जरा होत नाही. मग ह्यांच्या वतीनं मी पाणी गाळत राहायचं आणि संयम मात्र त्यांचा म्हणायचा, हे कुठल्या हिशोबात बसतं?

दुसरी म्हणेल, पुरुषांना येत नाही गं. मी हेच वीस वर्षं म्हणत आले. आता जरा आठवा. मंदिरात अभिषेकासाठी सोवळ्यानं विहिरीवर जाऊन पाणी कोण आणतं? दुहेरी कापडातून ते कोण गाळतं? पंचामृताचे कलश कोण भरतं? आमचे हे दसलक्षणात दहाही दिवस पहाटे धोतर-उपरणं नेसून हे सगळं करतात, एक थेंब सांडत नाही. मुनिमहाराज गावात आले की पडगाहनाला दारात कलश घेऊन माझ्याशेजारी तेच उभे असतात आणि चौक्यात महाराजांच्या ओंजळीत आहार देताना त्यांचा हात थरथरत नाही. म्हणजे येतं. जिथं लोक बघतात तिथं येतं. घरच्या ओट्याशी आलं की विसरायला होतं.

आणि आता आपल्याविषयी. कारण दोष सगळा त्यांच्यावर टाकून मी सुटणार नाही. ह्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा पाणी गाळायला घेतलं होतं, तेव्हा ‘‘राहू दे, तुमचं कापड नीट धरलेलं नसतं’’ म्हणून मीच ते हातातून घेतलं. स्वयंपाकघर हे आपलं राज्य वाटतं आपल्याला. तिथं कुणी आलं की त्याच्या चुका दिसतात. आणि मंडळात कौतुक होतं ते याच राज्याचं: अमक्या ताईंनी प्रवासात चौका सांभाळला, तमक्या ताईंनी ताप असताना सगळ्यांना दिवस मावळायच्या आत वाढलं. तापात उठून राबलेल्या बाईला आपण टाळ्या देतो. तिच्या घरच्या धडधाकट माणसांना एक प्रश्न विचारत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी सांगितलं, आज चूल माझी नाही. हे म्हणाले, ‘‘मग खायचं काय?’’ मी म्हटलं, डाळ-तांदूळ निवडलेले आहेत, खिचडी करा. पाणी तुम्ही गाळा, तुम्हाला अभिषेकाची सवय आहे. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पुरुषांनी चुलीशी? आणि तू निघालीस कुठं? मासे खाणारे पक्षी ते, त्यांना बघून काय पुण्य लागणार आहे?’’

त्यांना तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता देते, कारण हा प्रश्न तुमच्यातही अनेकींच्या मनात असेल. भगवान महावीरांचं लांछन कोणतं? सिंह. सिंह काही गवत खात नाही. पूर्वीच्या एका भवात भगवंतांचा जीव सिंहच होता आणि मुनींच्या उपदेशानं त्याच भवात त्याला सम्यक्त्व लाभलं, ही कथा आपण मुलांना सांगतो. सुमतिनाथांचं लांछन चकवा, म्हणजे चक्रवाक. तो हिवाळ्यात आपल्या उजनीवर, भिगवणला येतो. पायाशी कोरलेला चकवा आपण रोज अर्घ्य वाहून बघतो, जिवंत चकवा आपल्यापैकी कितीजणींनी बघितलाय? मुनिसुव्रतनाथांचं कासव, पार्श्वनाथांचा नाग. आपले चोवीस तीर्थंकर ओळखायचे ते बहुतेक प्राण्या-पक्ष्यांच्या खुणांवरून. महाराजांच्या हातातली पिंछी मोराच्या गळून पडलेल्या पिसांची. आणि आपण म्हणायचं, पक्षी बघून काय होणार? पक्षी काय खातो हा त्याच्या गतीचा प्रश्न आहे. आपण त्याच्याकडे कसं बघतो हा आपला.

मी गेले. धाकटीचा हात धरून, अनवाणी. वाळूवर बुळबुळीत काही नव्हतं, पण पायाखाली इवल्या खेकड्यांची बिळं होती आणि त्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी. मुलं त्यावरून उड्या मारत पळतात. धाकटीला म्हटलं, महाराज चार हात पुढची जमीन बघून चालतात ना, तशी चाल. ती तशी चालायला लागली. ईर्यासमिती मी तिला पाठशाळेतल्या पुस्तकातून दोनदा पाठ करून घेतली होती. ती तिला कळली त्या वाळूवर, पाच मिनिटांत.

कुरवांचा थवा पट्ट्यावर बसला होता. थोरल्यानं सांगितलं, यातले तपकिरी डोक्याचे कुरव उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांवर वीण करतात. हिवाळ्यात त्यांच्या डोक्याचा रंग उतरतो, डोळ्यामागे नुसता एक काळा ठिपका राहतो. मार्च-एप्रिलपर्यंत पुन्हा डोकं तपकिरी होतं आणि ते परत जातात. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यांच्या दिशेनं एका होडीतून लोक शेव-कुरमुरे उधळत होते. फोटोसाठी. आदल्या दिवशी आमच्याही मुलांनी पुडी घेतली होती आणि सासरे खूश होऊन म्हणाले होते, जीवदया झाली.

झाली का? जो जीव मासे, खेकडे, किडे खाऊन जगतो, त्याला तळलेली खारट शेव खायला घालणं ही दया कशी? 2025 साली दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद पेटला हे आपण पाहिलं. त्या वादात मी इथं शिरत नाही. पण एवढं नक्की, की दाणे टाकायला एक मिनिट लागतं आणि समोरच्या जिवाला काय हवंय हे समजून घ्यायला बघावं लागतं, थांबावं लागतं. आपण पाणी गाळतो ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी. मग डोळ्यांना दिसणाऱ्या जिवाकडे नीट बघणं, त्याला न छेडणं, हे धर्मात बसत नाही का? ओट्याशी दोन्ही वेळ उभं राहणारीला ते कधी जमायचं?

परतताना एका उंच सुरूवर समुद्र-गरुड बसलेला दिसला. पांढरं डोकं, पांढरं पोट, राखाडी पंख. तो आधी मला दिसला, मग थोरल्याला. आम्ही तिघं काही न बोलता उभे राहिलो. मी घड्याळ बघितलं नाही. लग्नानंतर दुपारी बारा वाजता घड्याळ न बघितल्याचा तो पहिला दिवस असावा.

घरी आलो तर खिचडी तयार होती. जरा घट्ट, मीठ कमी. पाणी नीट गाळलेलं आणि जिवाणी विहिरीत सोडलेली. ह्यांनी ते न सांगता केलं होतं. सासरे म्हणाले, ‘‘चांगली झालीय.’’ सासूबाई काही न बोलता जेवल्या. कुणाचा धर्म बुडाला नाही.

आणि मंडळात सासूबाईंनी पहिल्या तीन दिवसांचं सगळं सांगितलं. चौथा दिवस तेवढा गाळला. त्यांना मी दोष देत नाही. पन्नास वर्षं ज्या राबण्याला त्यांनी धर्म मानलं, ते वाटून घेता येत होतं हे आता या वयात कबूल करणं सोपं नाही. परवा मला एकटीला गाठून त्यांनी हळूच विचारलं, ‘‘तो गरुड केवढा असतो गं?’’ पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन जाणार आहे मी वाळूवर, भाकरीच्या वेळेला.

तर अध्यक्षबाई, मी बोलायला येईन. पण एकट्या बायकांसमोर नाही. त्या दिवशी प्रत्येकीनं घरच्या पुरुषाला घेऊन यायचं. मी पिठाची मर्यादा सांगेन, गाळलेल्या आणि उकळलेल्या पाण्याची सांगेन, स्वयंपाकाची सोय असलेला फ्लॅट घेताना विहीर कुठं, आधीची भांडी वापरायची की नाही, हे सगळं सांगेन. आणि त्याच दमात हेही सांगेन: फ्लॅटचे पैसे भरायच्या आधी घरात बसून ठरवायचं, पाणी कोण गाळणार, सकाळी कोण रांधणार, संध्याकाळची भांडी कुणाची. दोन वेळा साधं जेवण, एक पातेलं, चार दिवस पंचपक्वान्न नको. ज्या घरात ही वाटणी होणार नाही, त्या घरानं ‘आम्ही नियम पाळतो’ असं म्हणू नये. ‘आमची सून पाळते’ असं म्हणावं. ते निदान खरं तरी असेल.

आणि तुम्ही, माझ्या मैत्रिणींनो, कुणी कापड हातात घेतलं तर ते काढून घेऊ नका. कोपरा वाकडा धरला तर एकदा दाखवा आणि बाहेर पडा. तिथी आपल्याला माहीतच आहेत. पाऊणपट करा.